फांदीची साल

वाळवंट जिथे सुरू होते, तिथे खारवास नावाचे एक गाव होते. त्या गावात हरनाथ नावाचे एक वैद्य राहत.

गावाच्या पूर्वेला बाजरीची शेते होती आणि पश्चिमेला नुसती वाळू. या दोहोंच्या मधे रोहिड्याच्या झाडांचा एक लांबट पट्टा होता. रोहिडा वाढायला फार वेळ घेतो. आज लावलेले झाड भरात आलेले पाहायचे, तर माणसाचे केस पिकावे लागतात. पण एकदा का तो उभा राहिला की त्याची मुळे वाळूला धरून ठेवतात. वादळ आले तरी त्याच्या आडोशाची शेते वाळूखाली जात नाहीत. थंडी सरताना त्याला शेंदरी आणि पिवळी फुले येतात. त्या रखरखीत मुलखात तेवढे दिवस डोळ्यांना गारवा मिळतो.

खारवासच्या लोकांना मात्र रोहिड्याची ओळख होती ती त्याच्या सालीमुळे. पावसाळा सरला की त्या भागात हिवताप येई. ताप उतरला तरी मागे पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, वाढून राही. पोटाची डावी बाजू टणक होई, अंग पिवळे पडे आणि अन्नाचा वास नकोसा वाटे. अशा रोग्याला हरनाथ रोहिड्याच्या सालीचा काढा देत. महिना-दीड महिन्यात रोगी उठून कामाला लागे. लांबलांबच्या वस्त्यांवरून लोक आपली माणसे उंटावर घालून त्यांच्या ओसरीवर आणत.

हरनाथ लोभी नव्हते. कुणी ओंजळभर तीळ ठेवले तर घेत, कुणी रिकाम्या हाताने आले तरी तितक्याच मायेने नाडी पाहत. एवढेच होते की औषधाच्या बाबतीत आपल्या शब्दापुढे दुसऱ्या कुणाचा शब्द त्यांना चालत नसे.

त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगून ठेवले होते, "साल खोडाचीच घ्यायची. कमरेच्या उंचीवरची, अंगठ्याइतकी जाड. फांदीची साल कच्ची असते, तिच्यात गुण नसतो." हरनाथ हेच प्रत्येक रोग्याच्या घरच्यांना सांगत. मग घरचे कुऱ्हाड घेऊन जात, खोडाला कमरेशी घाव घालत आणि चहूबाजूंनी साल सोलून पोत्यात भरून आणत.

झाडाचे अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. साल सगळीकडून निघाली की ते बंद होते. पण झाड लगेच मरत नाही. वर्ष-दोन वर्षे ते उभ्या उभ्या वाळत जाते. तोवर साल नेणारा घरी बसून ती गोष्ट विसरलेला असतो. त्यामुळे झाड आपण मारले, असे खारवासमध्ये कुणालाच कधी वाटले नाही.

हरनाथांनाही वाटले नाही. त्यांचे गुडघे धरले होते. रोहिड्यांच्या पट्ट्यापर्यंत चालत जाऊन त्यांना बारा वर्षे झाली होती. साल पोत्यातून दारात येत होती आणि त्यांना तेवढे पुरत होते.

गावाबाहेर उंट राखणाऱ्यांची एक लहानशी वस्ती होती. तिथे धापू नावाची एक बाई राहत असे. वयाने ती हरनाथांच्याच बरोबरीची. नवरा गेल्यावर तिने एकटीने उंट सांभाळले होते. पट्ट्यातला एकेक रोहिडा तिला माहीत होता. कोणता आधी फुलतो आणि कोणत्याच्या सावलीत उंटिणी विण्याच्या वेळी जाऊन बसतात, हेही ती सांगू शकत असे.

एका सकाळी ती हरनाथांच्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली.

"वैद्यबुवा," ती म्हणाली, "सतराच उरलेत."

"काय सतरा?"

"रोहिडे. बाकीचे सगळे वाळले. लोकांना सांगा, खोड सोलू नका म्हणावं. फांदीची साल घेऊ द्या. आमच्या वस्तीवर आम्ही फांदीचीच देतो."

ओसरीवर चार-पाच रोगी आणि त्यांचे सोबती बसले होते. सगळ्यांच्या माना वैद्यांकडे वळल्या. हरनाथांना ते झोंबले.

"धापू," ते म्हणाले, "तू उंट सांभाळ. माणसांचं मी पाहतो."

लोक हसले. धापूने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती निघून गेली. त्याच दिवशी तिने आणि वस्तीवरच्या बायकांनी बोरीचे काटे तोडून आणले आणि उरलेल्या सतरा झाडांभोवती कुंपण घातले. तेव्हापासून तिथे रोज कुणीतरी राखणीला बसू लागले.

साल येईनाशी झाली. हरनाथांच्या घरातली पोती एकेक करून रिकामी झाली. मग रोगी आला की ते म्हणत, "खोडाची साल उरली नाही. माझा इलाज नाही." काही जण हात जोडून परत गेले. एकदोघांनी विचारलेही, "फांदीची चालेल का?" त्यावर हरनाथांचे उत्तर ठरलेले होते.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तळी भरली आणि डासांचे थवे उठले. दसरा होऊन गेला आणि एके दुपारी हरनाथांच्या दारात एक उंट येऊन बसला. त्यावरून त्यांची मुलगी सुगनी उतरली. उतरली म्हणण्यापेक्षा तिला उतरवून घ्यावे लागले. सासरी तिला तीन वेळा ताप येऊन गेला होता. गाल बसले होते आणि डोळ्यांत पिवळेपणा होता.

हरनाथांनी तिला खाटेवर निजवले आणि पोट चाचपले. बरगडीच्या खाली चार बोटे पानथरी लागली.

"बाबा," सुगनी म्हणाली, "तुमचा काढा घेतला की मी उठेन. सासूबाईंनाही मी तेच सांगून आलेय."

हरनाथ आत गेले. त्यांनी पोती उलटी करून झटकली. मूठभर भुगा निघाला, त्यात अर्धी माती होती. मग त्यांनी काठी घेतली, शेजारच्या दोघा भावांना कुऱ्हाडी घेऊन बरोबर बोलावले आणि बारा वर्षांनी पश्चिमेची वाट धरली.

गुडघे दुखत होते, तरी ते थांबले नाहीत. रोहिड्यांचा पट्टा दिसू लागला तेव्हा मात्र त्यांचे पाय आपोआप मंदावले. पट्टा होता, पण त्यात पान नव्हते. करडी, कोरडी खोडे ओळीने उभी होती. वाळू त्यांच्यामधून सरळ पुढे सरकली होती आणि पलीकडचे एक शेत निम्मे गिळून बसली होती.

हरनाथ एका खोडाजवळ गेले. कमरेच्या उंचीवर साल चहूबाजूंनी नाहीशी झाली होती. ते दुसऱ्या खोडाजवळ गेले. तिथेही तेच, त्याच उंचीवर. तिसऱ्याला त्यांनी हात लावून पाहिला. प्रत्येक घाव बरोबर तिथे होता, जिथे घालायला त्यांनी सांगितले होते.

"हे सगळं..." ते पुटपुटले.

सतरा झाडे पट्ट्याच्या टोकाला होती. काट्यांच्या कुंपणापाशी धापू बसली होती. बरोबर आलेल्या दोघा भावांतला थोरला कुंपण बाजूला सारून आत शिरला आणि पहिल्याच झाडाच्या खोडावर त्याने कुऱ्हाड टेकवली.

"वैद्यबुवा, बोला. घाव घालू?"

धापू उठून उभी राहिली. तिने कुऱ्हाड धरायचा प्रयत्न केला नाही. ती हरनाथांकडे पाहून म्हणाली, "कोण आजारी आहे?"

"सुगनी."

धापूचा चेहरा बदलला. सुगनी लहान असताना उंटिणीचे दूध प्यायला वस्तीवर येत असे.

"किती बोटं?"

"चार."

"मग ऐका. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या वस्तीवर नऊ जणांना पानथरी झाली. त्यातला एक तरी तुमच्या ओसरीवर आला?"

हरनाथांनी आठवून पाहिले. "नाही."

"नऊच्या नऊ हिंडताहेत. फांदीच्या सालीवर. मनगटाएवढी जाड फांदी घ्यायची, त्याहून कोवळी नाही. तुम्ही देता त्याच्या दीडपट साल घालायची आणि दिवस थोडे जास्त लागतील हे धरून चालायचं. झाडाला काही होत नाही. शेजारून नवी फांदी फुटते."

"आणि गुण आला नाही तर?" हरनाथांनी विचारले. "माझी एकुलती एक मुलगी आहे, धापू."

"तुम्ही कधी देऊन पाहिलीत का?"

हरनाथांना वडिलांनी सांगितले होते. वडिलांना त्यांच्या वडिलांनी सांगितले असेल. करून मात्र पाहिले नव्हते कुणीच.

"घालू का घाव?" थोरल्या भावाने पुन्हा विचारले.

धापूने कंबरेचा कोयता काढला, मनगटाएवढी एक फांदी उतरवली, तिची साल सोलली आणि एक तुकडा हरनाथांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला. तीच कडू चव होती. जीभ तशीच आखडली आणि घशात तीच कोरड आली. खोडाची साल चाखून त्यांची जीभ तीस वर्षे तयार झाली होती आणि ती जीभ त्यांना वेगळे काहीच सांगत नव्हती.

"कुऱ्हाड खाली ठेव," ते म्हणाले.

त्या संध्याकाळपासून सुगनीला फांदीच्या सालीचा काढा सुरू झाला. हरनाथ रोज सकाळी तिच्या पोटाला हात लावून बोटे मोजत. चार. दुसऱ्या दिवशी चार. पाचव्या दिवशीही चारच. त्यांचे जेवणावरून मन उडाले. दाराशी कुणी आले तरी ते दचकत. कुऱ्हाड खाली ठेवायला आपण सांगितले, ते शहाणपण होते की भ्याडपणा, हे त्यांना कळेना. दोनदा ते काठी घेऊन पश्चिमेच्या वाटेपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले.

नवव्या दिवशी त्यांना साडेतीन बोटे लागली. आपला हात फसवतोय असे वाटून त्यांनी पुन्हा मोजले. साडेतीनच होती.

बाराव्या दिवशी सुगनी आपणहून उठून भिंतीला टेकून बसली. "बाबा," ती म्हणाली, "ताक आहे का घरात? आणि भाकरी? शिळी असली तरी चालेल."

हरनाथ ताक आणायला आत गेले. मडक्यापाशी पोहोचल्यावर त्यांना हुंदका आवरेना. बाहेर सुगनी वाट पाहत होती, म्हणून त्यांनी भराभर डोळे पुसले आणि भांडे भरून आणले. तिने भाकरी कुस्करून ताकात कालवली आणि बोटे चाटून संपवली. बऱ्याच दिवसांनी हरनाथ त्या दुपारी पोटभर जेवले आणि खाटेजवळ जमिनीवरच गाढ झोपले.

त्याच आठवड्यात त्या मुलखाचे मालक असलेल्या, गढीवरच्या ठाकुरांचा निरोप आला. गढीत बारा माणसे पानथरीने पडली होती. ठाकुरांनी ठरवले होते की खारवासच्या उरलेल्या सतरा रोहिड्यांची साल काढून गढीच्या कोठारात ठेवायची, म्हणजे पुढची तीन वर्षे चिंता नको. चार गाड्या आणि वीस माणसे घेऊन ते स्वतः येणार होते. साल वैद्यबुवांच्या देखरेखीखाली, त्यांच्या रीतीने काढायची होती.

ठाकूर आले. देवळासमोरच्या पटांगणात सारे गाव जमले. उंटवाल्यांच्या वस्तीतली माणसे एका बाजूला उभी राहिली. त्यांच्यात धापू होती. तिच्या हातात कोयता नव्हता. वीस माणसांपुढे त्याचा काय उपयोग होणार, हे तिला ठाऊक होते.

ठाकुरांनी हरनाथांना आपल्या शेजारी बसवले. "या माणसाने आमच्या मुलखातली किती घरं उभी ठेवली, याची गणती नाही," ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "वैद्यबुवा, तुम्ही म्हणाल तसं काम होईल. सांगा, कुठून सुरुवात करायची?"

खोडाला हात लावू द्यायचा नाही, हे हरनाथांचे ठरले होते. पण त्याचे कारण काय सांगायचे? पोथीत एक जुने पान सापडले, असे सांगता आले असते. देवीने दृष्टान्त दिला, असे म्हटले असते तर कुणी शंका घेतली नसती. झाडे वाचली असती आणि त्यांचा मानही राहिला असता. दोन्ही वाक्ये त्यांच्या ओठांवर आली.

तेवढ्यात त्यांची नजर धापूकडे गेली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. डोळे मिटून ती उभी होती.

हरनाथ काठीवर जोर देऊन उठले.

"ठाकूरसाहेब, खोडाला हात लावू नका. फांदीची साल पुरते."

ठाकुरांनी भुवया उंचावल्या. "तुम्हीच तर आयुष्यभर सांगत आलात की फांदीची साल कच्ची असते."

"मी चुकीचं सांगत आलो."

मागची माणसे ऐकायला पुढे सरकली.

"तीस वर्षं चुकीचं सांगत आलो," हरनाथ म्हणाले. "वडिलांनी सांगितलं ते मी खरं मानलं आणि एकदाही करून पाहिलं नाही. धापूबाई मला सांगायला आल्या होत्या. मी त्यांना चारचौघांत हिणवलं. पश्चिमेला वाळलेली झाडं उभी आहेत ना, त्यांच्यावर कुऱ्हाड तुम्ही गावकऱ्यांनी चालवलीत, पण कुठे चालवायची ते मी दाखवलं. माझी सुगनी फांदीच्या सालीने उठली. हवं तर घरी येऊन पाहा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी मागे कुजबुजले. मग गर्दीतून भोमा सुतार पुढे आला. दणकट अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तो हरनाथांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"वैद्यबुवा, होळीच्या सुमाराला मी माझ्या बायकोला तुमच्याकडे आणलं होतं."

"आठवतं," हरनाथ म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, खोडाची साल नाही, इलाज नाही. मी विचारलं होतं, फांदीची चालेल का. तुम्ही नको म्हणालात."

"म्हणालो होतो."

"ती तेव्हापासून खाटेवर आहे. आठ महिने झाले. तेव्हा फांदीची साल दिली असती, तर ती उठली असती?"

हरनाथांनी मान खाली घातली नाही. खाली घालणे सोपे होते. "हो," ते म्हणाले. "बहुतेक उठली असती."

भोमाच्या जबड्याची हाडे हलली. त्याच्या मुठी आवळल्या गेल्या. ठाकुरांचा एक माणूस सावध होऊन दोन पावले पुढे सरकला. हरनाथ जागचे हलले नाहीत. आपल्याला जे मिळेल ते घ्यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

"मग उभे काय राहिलात?" भोमा म्हणाला. "चला घरी."

हरनाथांना क्षणभर कळलेच नाही. कळल्यावर ते ठाकुरांची परवानगी घ्यायलाही थांबले नाहीत. भोमा पुढे आणि काठी टेकत हरनाथ मागे, असे ते दोघे पटांगणातून निघाले. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

भोमाची बायको सुजून गेली होती. पोटावर सहा बोटे भरली. हरनाथांनी तिला खोटी आशा दाखवली नाही. दोन महिने लागतील, कदाचित तीन, असे सांगून त्यांनी आपल्या हाताने पहिला काढा उकळला आणि पाजला. त्यानंतर ते रोज तिच्याकडे जात राहिले. संक्रांतीच्या दिवशी ती दारात उभी राहून शेजारणींना तीळ वाटत होती. हरनाथांनी ते पाहिले आणि आत न जाता तसेच माघारी फिरले. आता तिला त्यांची गरज उरली नव्हती.

इकडे पटांगणात ठाकुरांनी धापूला पुढे बोलावले.

"बाई, गढीत बारा रोगी आहेत. तुमच्या सतरा झाडांना झेपेल?"

"बाराच काय, पंधरा असले तरी झेपेल, महाराज," धापू म्हणाली. "एका झाडाची एका वर्षात एकच फांदी घ्यायची. पण ती आम्ही उतरवून देऊ. तुमची माणसं नकोत."

शेवटच्या वाक्यावर काही जण चपापले. ठाकूर मात्र हसले. "माझ्या माणसांना मग मी काय काम देऊ? वीस जणांना उगाच चालवत आणलंय."

"बोरीचे काटे तोडायला लावा. पट्टा लांब आहे. आमच्याच्याने सगळ्याला कुंपण घालून होत नाही."

साल न्यायला आलेल्या गाड्या संध्याकाळपर्यंत काटे वाहत राहिल्या. ठाकुरांनी तिथेच आज्ञा केली की तो सगळा पट्टा देवराई समजावा. रोहिड्याच्या खोडाला कुणी कुऱ्हाड लावायची नाही आणि फांदी धापूबाईंना विचारल्याशिवाय उतरवायची नाही. गढीतले बाराही रोगी थंडीत बरे झाले.

भोमाने वाळलेली खोडे लाकडासाठी मुळासकट काढायची परवानगी मागितली. रोहिड्याचे लाकूड कठीण आणि देखणे असते, सुताराला त्याचा मोह पडणारच. धापूने त्याला थांबवले. "वरचं खोड कापून ने," ती म्हणाली, "पण मुळं उपटू नकोस. काही मुळांत अजून जीव असेल. आजवर कोंब आला की शेळ्या खाऊन जायच्या. आता कुंपण आहे. पाहू." भोमाने तिचे ऐकले. वरची खोडे त्याने कापली आणि बुंधे तसेच ठेवले.

एक उन्हाळा गेला, काही दिसले नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी धापू हरनाथांच्या ओसरीवर आली. "वैद्यबुवा, येता का जरा?" एवढेच ती म्हणाली. हरनाथ लगेच उठले. हल्ली ते दर आठ दिवसांनी पट्ट्याकडे जात, त्यामुळे गुडघ्यांना ती वाट सवयीची झाली होती.

कापलेल्या बुंध्यांपाशी धापू थांबली आणि तिने पायाशी बोट दाखवले. वाळूतून, बुंध्याच्या अंगाने, लांबट पानांचे दोन हिरवे कोंब वर आले होते. हरनाथ वाकले. त्यांना वाटले, एवढेच असेल. पण धापू पुढे चालू लागली. पुढच्या बुंध्याला एक कोंब होता. त्यापुढचा कोरडाच होता. त्याच्या पलीकडच्याला तर कमरेएवढी डहाळी फुटली होती. ती कुंपणाच्या काट्यांत दडल्यामुळे आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

दोघांनी सबंध पट्टा पालथा घातला. चाळीस बुंधे जिवंत निघाले. निम्म्याहून जास्त गेलेच होते आणि ते परत येणार नव्हते. पण चाळीस होते.

हरनाथ वाळूतच बसले. छातीवरचे कसले तरी ओझे उतरावे तसा त्यांनी मोठा श्वास सोडला. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "सगळी मारली मी."

"सगळी नाही," धापू म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. "यांना भरात यायला मात्र वेळ लागेल. तुम्ही नि मी काही तेव्हा नसू."

"नसलो तर नसलो," हरनाथ म्हणाले. "पुढचा वैद्य असेल. त्याला कोणती साल घ्यायची ते मी सांगून ठेवीन. आणि हेही सांगेन, की माझं सांगणं खरं आहे की नाही, ते तू करून पाहा."

धापू हसली. मग दोघे उठली. एका कोंबाजवळचे कुंपण वाऱ्याने सरकले होते, ते त्यांनी मिळून नीट लावले.

तात्पर्य: जे झाड आपल्याला बरे करते, त्याचा जीव राखूनच त्याच्याकडून औषध घ्यावे; आणि आपली चूक कळल्यावर मानाला न जपता ती उघड कबूल करावी, म्हणजे जे उरले आहे ते तरी वाचते.